अर्ध्या पिस्तुलाची साक्ष

मी एक जुनं जर्मन पिस्तूल आहे. जुनं म्हटलं म्हणून लगेच कीव करायला धावू नका, मित्रांनो. माझं पोलाद अजून काळंभोर आहे. मुठीवरच्या अक्रोडाच्या लाकडाची नक्षी अजून बोटाला जाणवते. माझ्याइतकं देखणं पिस्तूल माझ्याआधी झालं नाही आणि नंतरही झालं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीने सांगतो, पण खोटं सांगत नाही.

आमच्या घराण्याचं सरकारी नाव 'शून्य-आठ'. जर्मन सैन्याने आम्हाला १९०८ साली पत्करलं, म्हणून हे नाव. बाहेरचं जग आम्हाला लुगर म्हणतं. माझा जन्म १९१७ सालचा, जर्मनीच्या तुरिंगिया प्रांतातल्या एका कारखान्यातला. पुरुषमंडळी लढाईवर गेलेली, त्यामुळे लांबच लांब बाकावर ओळीने बायका बसलेल्या असत. कानशीने एकेक भाग घासायचा, बसवून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. असं करत करत त्यांनी मला घडवलं. माझ्या प्रत्येक भागावर माझा नंबर ठोकलेला आहे, कारण माझा भाग शेजारच्या पिस्तुलाला बसत नाही आणि त्याचा मला बसत नाही. आम्ही सगळे हट्टी.

माझी खरी करामत पाठीवर आहे. तिथे एक सांधा आहे, माणसाच्या गुडघ्यासारखा. गुडघा सरळ असला की माणूस डोक्यावर पोतं घेऊन उभा राहतो, आणि वाकला की खाली बसतो. माझंही तसंच. गोळी सुटते तेव्हा सांधा सरळ असतो, सगळा दणका सोसतो. मग तो वर उचलला जातो, रिकामं टरफल बाहेर पडतं, नवं काडतूस आत सरकतं आणि सांधा पुन्हा सरळ. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होतं. माझी मूठ तिरकी आहे. बोट दाखवावं तसं मला धरायचं, नेम आपोआप लागतो.

आणि शिस्त तर विचारूच नका. काडतूस जिथे बसतं त्या जागेला आपण कोठी म्हणू. कोठी भरलेली असली की माझ्या माथ्यावरची एक चिमुकली पोलादी जीभ वर उचलली जाते आणि तिच्या अंगावर कोरलेला शब्द दिसतो: 'भरलेलं'. आहे की नाही? दुसरं कुठलं पिस्तूल स्वतःच्या डोक्यावर इशारा लिहून फिरतं?

आता दुखणी. स्वतःबद्दल बोलायला बसलोय तर तीही सांगायला हवीत. मी नाजूक आहे. माझे सगळे भाग इतके घट्ट बसवलेले की जरा चिखल गेला की माझा घास अडकतो. काडतूस थोडं कमी जोराचं निघालं की माझा सांधा अर्ध्यावर रुसतो. मला घडवायला इतका वेळ लागतो की शेवटी सैन्याने कंटाळून माझ्यापेक्षा साधं, कुरूप पिस्तूल घेतलं. घेऊ देत बापडे.

पण माझं सगळ्यात वाईट दुखणं वेगळंच आहे, आणि आजची गोष्ट त्याचीच आहे. माझे दोन अर्धे होतात. खालच्या अर्ध्यात मूठ, चाप आणि सुरक्षेचा खटका. वरच्या अर्ध्यात नळी, सांधा आणि काडतुसाच्या बुडावर टोचणारी सुई. त्या सुईला अडवून धरणारी एक लांबट पट्टी माझ्या डाव्या अंगाला आहे. चाप बिचारा एवढंच करतो, ती पट्टी दाबतो. पट्टी दबली की सुई सुटली. पट्टीवर झाकण असतं, पण मला उघडताना ते झाकण पहिल्यांदा निघतं. मग पट्टी उघडीच पडते. म्हणजे चाप टेबलावर पडलेला, खटका टेबलावर पडलेला, आणि नुसत्या वरच्या अर्ध्याच्या हातात सगळा जीव. कोठीत काडतूस राहिलेलं असेल आणि कुणी ती पट्टी अंगठ्याने दाबली, तर मी अर्धा असूनही उडतो.

हे मला माहीत होतं. पण मला तोंड आहे ते फक्त गोळीचं.

लढाईचं मी फार बोलत नाही. वर्षभर चिखलात होतो आणि बराच काळ अडकून पडलो होतो, एवढं पुरे. लढाई संपल्यावर मला पोलीस खात्याकडे दिलं आणि मी आल्डेनब्रुक नावाच्या छोट्या गावात आलो. एक नदी, दोन दारूच्या भट्ट्या, पुरुषांचं एक गायन मंडळ आणि तीसेक शिपायांची पोलीस बराक. माझा धनी होता शिपाई एवाल्ड ब्रोमर. बत्तीस वर्षांचा, उंच, गोरा, रागीट आणि पाचच मिनिटांत राग विसरणारा. मला तो आवडायचा. दर रविवारी तो मला तेलाचा हलका हात द्यायचा आणि गात गात द्यायचा. त्याचा आवाज चांगला होता, हे मी तटस्थपणे सांगतो.

आवाजावरूनच सगळं बिनसलं. गायन मंडळाचा शरदातला कार्यक्रम जवळ आला होता. एकट्याने गायचं गाणं दरवर्षी एवाल्डकडे असायचं. त्या वर्षी ते हुगो टिल्सला मिळालं. हुगोही शिपाईच, बुटका, गुबगुबीत, सदा हसरा. बराकीत दोघांचे पलंग शेजारी.

"गेल्या वर्षी वरचा सूर लावताना तुझा चेहरा बघितलास का?" हुगो जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाला. "पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागली!"

सगळे खो खो हसले. एवाल्डचा चमचा बटाट्याच्या सूपमध्येच थांबला. तो ताडकन उठला आणि म्हणाला, "तू गाशीलच कसा ते बघतो मी. त्याआधी तुझं तोंड बंद झालं नाही तर नाव लावणार नाही एवाल्ड ब्रोमर!"

असं माणूस रागात बोलून जातो. पाच मिनिटांनी त्याने स्वतःच्या पावावरचं सॉसेज हुगोला दिलं आणि हुगोने ते खाल्लं. पण बोललेलं तीस जणांनी ऐकलं, सॉसेज कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी, चौकात बोंब उठली की पिसाळलेला कुत्रा आलाय. एवाल्ड धावला. लोक कारंज्याच्या कठड्यावर चढून बसलेले, आणि मधोमध एक तपकिरी कुत्रा, तोंडाला पांढरा फेस. एवाल्डने माझा सांधा ओढून सोडला, काडतूस कोठीत गेलं, माझी जीभ वर आली. त्याने नेम धरला. माझी तयारी पूर्ण होती.

तेवढ्यात गावचा न्हावी दुकानातून धावत आला. "अहो थांबा, थांबा! साबण आहे तो! माझा दाढीचा अख्खा साबण खाल्लाय मेल्याने!"

कुत्र्याने उचकी दिली आणि तोंडातून फुगा सोडला. सगळा चौक पोट धरून हसला, एवाल्डही हसला. त्याने खटका लावला, मला होल्स्टरमध्ये ठेवलं आणि बराकीकडे निघाला. वाटेत भेटेल त्याला कुत्र्याची गोष्ट सांगत. बराकीच्या दारात नियम असा, की बाहेरून आलेल्याने वाळूच्या पेटीसमोर पिस्तूल रिकामं करायचं. एवाल्डने मुठीतलं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, काढून दाखवलं आणि दारावरच्या पहारेकऱ्याला फुग्याची नक्कल करून दाखवली. पहारेकरी हसून हसून बेजार झाला आणि त्याने वहीत 'रिकामं' अशी खूण केली. कोठीतलं काडतूस कोठीतच राहिलं. माझ्या माथ्यावर शब्द लिहिलेला होता, मित्रांनो. दोघांनीही तो वाचला नाही.

आत सफाईचा तास सुरू होत होता. जर्मन बराकीत हा तास चुकत नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून कपडे शिवायचे, बूट घासायचे, हत्यारं पुसायची. आमच्याकडे हा तास जमादार गॉटलोब श्ट्राक घ्यायचे. बावीस वर्षांची नोकरी, मिशा वर वळवलेल्या, आणि पिस्तूल उघडण्याची त्यांनी स्वतः बसवलेली सात आकड्यांची कवायत. त्यांना तिचा इतका अभिमान, की वरच्या साहेबांनी येऊन ती बघितली होती तो दिवस ते वाढदिवसासारखा मोजायचे.

"एक!" म्हटलं की मॅगझिन बाहेर. "दोन!" खटका खाली. "तीन!" नळी टेबलावरच्या लोकरी घडीवर दाबायची. "चार!" पुढची किल्ली फिरवायची. "पाच!" झाकण काढायचं. "सहा!" वरचा अर्धा खालच्यावरून सरकवून काढायचा. "सात!" फडकं घ्यायचं आणि पुसायचं. तीस माणसं, एकच आवाज. नजर प्रत्येकाची स्वतःच्या हत्यारावर, दुसरीकडे बघितलं तर शिक्षा.

या सात आकड्यांत कोठी बघण्याचा आकडा नव्हता. का नव्हता? कारण पिस्तूल दारातच रिकामं करायचं असा नियम होता. नियम आहे म्हणजे पिस्तूल रिकामंच असणार. भरलेलं पिस्तूल या खोलीत येऊच शकत नाही, मग ते बघायचं कशाला? असा त्यांचा हिशेब होता, आणि तो कुणाला चुकीचा वाटला नाही.

"सात!" जमादार ओरडले. "चमक दिसली पाहिजे, चमक! अंगठ्याला जोर द्या!"

एवाल्डने माझा वरचा अर्धा डाव्या हातात घेतला, फडकं घेतलं आणि अंगठ्याला जोर दिला. पट्टी दबली. मी उडालो.

समोर हुगो बसला होता. गोळी त्याच्या दंडातून आरपार गेली आणि मागच्या कपाटात घुसली. हुगो खुर्चीसकट मागे पडला. मी दणक्याने एवाल्डच्या हातातून सुटून टेबलाखाली घरंगळलो. लढाईत मी उडालो तो माझं काम म्हणून. हे माझं काम नव्हतं.

"मी चापाला हातही लावला नाही!" एवाल्ड ओरडत होता. "चाप कुठे होता! चाप तर टेबलावर होता!" आणि तोच हुगोच्या दंडावर फडकं आवळून बसला होता, ते तेलकट फडकं.

जमादार श्ट्राक पांढरेफटक पडले होते. त्यांनी टेबलाखालून मला उचललं, वासावरून ओळखलं की गोळी माझीच, आणि म्हणाले, "ब्रोमर, अर्धं पिस्तूल उडत नाही."

"पण साहेब, मी..."

"बावीस वर्षं झाली मला. अर्धं पिस्तूल उडत नाही. तू अख्खं असताना उडवलंस आणि गोंधळात घाईघाईने उघडून टाकलंस."

जमादार तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि बाकी कुणी काही बघितलं नव्हतं. बघणार कसं? नजर स्वतःच्या हत्यारावर होती ना. हुगोनेही नव्हतं बघितलं. आणि मग कुणीतरी जेवणाच्या टेबलावरचं ते वाक्य आठवलं, 'तुझं तोंड बंद झालं नाही तर नाव लावणार नाही'. तीस जणांना ते एकदम आठवलं.

एवाल्डला कोठडीत टाकलं, मला बराकीच्या प्रमुखांच्या, कप्तान रेटिशसाहेबांच्या, कपाटात. दोघंही कुलपात. प्रकरण साधं नव्हतं. चौकशीत जमादारांचं म्हणणं खरं ठरलं तर एवाल्डवर खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहणार होता. नोकरी जाणार, पाच-सहा वर्षं तुरुंगात जाणार, आणि गावात ब्रोमर हे नाव कायमचं काळं होणार. त्याला वाचवू शकेल असा साक्षीदार एकच होता, आणि तो कपाटात तोंड मिटून पडला होता.

एवाल्डची बायको हेडविग गावातल्या घरून त्याला भेटायला कोठडीत गेली. तिथे काय झालं ते पुढे चौकशीत तिनेच सांगितलं. एवाल्ड रडवेला होऊन तेच तेच म्हणत होता, "हेडी, चाप नव्हता गं माझ्या हातात. मी नुसता पुसत होतो. मी वेडा झालोय का?"

"पुसत होतास? कुठे धरून?"

त्याने हवेत अंगठा दाबून दाखवला. हेडविगने त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. हेडविग लढाईच्या काळात तीन वर्षं असल्याच एका बाकावर बसून पिस्तुलं घासत होती.

"अरे माझ्या देवा," ती म्हणाली. "पट्टी!"

चौकशी तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या दालनात बसली. मधल्या टेबलावर मी, दोन तुकड्यांत, पांढऱ्या कापडावर. एका बाजूला कप्तान रेटिश, किडकिडीत आणि नेहमी सर्दी झालेले. समोर एवाल्ड, पट्टा काढून घेतलेला. भिंतीशी हुगो, हात गळ्यात बांधलेला. त्याच्या पुढ्यात प्लमचा केक होता. हेडविगने आणलेला. त्याने अजून त्याला हात लावला नव्हता.

जमादार श्ट्राकनी आपलं लेखी मत वाचून दाखवलं. पान भरून, सुंदर अक्षरात. शेवटचं वाक्य होतं, 'वरचा भाग वेगळा केल्यावर हे हत्यार कोणत्याही परिस्थितीत उडू शकत नाही.' खाली सही आणि शिक्का.

"साहेब, मला बोलायचंय," हेडविग उठली.

"ब्रोमरबाई," कप्तान नाक पुसत म्हणाले, "तुम्ही नवऱ्याची बाजू घेणार हे उघड आहे."

"घेणारच. तुमच्या बाईसाहेब तुमची घेणार नाहीत का?"

कुणीतरी फिसकन हसलं. कप्तानांनी रुमाल खिशात ठेवला.

"हे पिस्तूल मी घडवलंय साहेब. म्हणजे हेच नाही, पण याची हजारो भावंडं. सुई बरोबर सुटते की नाही हे आम्ही बाकावरच बघायचो. मूठ दुसऱ्या खोलीत असायची, आमच्याकडे फक्त वरचा अर्धा. डाव्या अंगाची ती पट्टी अंगठ्याने दाबायची, आत टक् असा आवाज आला की पुढचं घ्यायचं. दिवसाला दोनशे वेळा टक् करायचो. आमच्यातल्या प्रत्येक पोरीला हे माहीत होतं."

"मग हे कुठे लिहिलेलं कसं नाही?" जमादार लालबुंद झाले.

"आम्हाला कुणी विचारलं कधी?"

मित्रांनो, मला त्या बाईचा मुका घ्यावासा वाटला.

"ठीक आहे," कप्तान म्हणाले. "करून दाखवा."

"नाही. मी हात लावला तर म्हणाल, बाईने काहीतरी चलाखी केली. जमादारसाहेबांनी करावं. गोळी आणि दारू काढून टाकलेलं काडतूस त्यांनीच आणावं, नुसती बुडातली फुटणारी टिकली ठेवलेलं, म्हणजे कुणाला लागणार नाही. नियमाप्रमाणे सात आकडे म्हणावेत आणि पोरांना शिकवतात तसं पुसावं. एवढंच."

जमादार उठले. त्यांना या बाईला खोटं पाडायचं होतं आणि ते बरोबर होतं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यांनी स्वतः हत्यारखान्यात जाऊन काडतूस तयार केलं, मला जोडलं, काडतूस कोठीत सारलं. माझी जीभ वर आली. मग पुटपुटत सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. माझे दोन अर्धे झाले. चाप आणि मूठ त्यांनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवले.

"सात," ते म्हणाले आणि पुसायला लागले.

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा पुसलं. काही झालं नाही. माझी सुई ताणून बसली होती आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, जरा खाली, अहो, जरा खाली! जमादारांच्या मिशा वर व्हायला लागल्या. एवाल्डने डोळे मिटले. कप्तानांनी लेखणी उचलली.

"असं नाही," हेडविग म्हणाली. "तुम्ही अंडं पुसल्यासारखं पुसताय. एवाल्ड घरी आला की मला सांगतो तुम्ही कसं ओरडता ते. चमक दिसली पाहिजे, चमक. अंगठ्याला जोर द्या!"

आपलेच शब्द कानावर आले तसा जमादारांचा अंगठा सवयीने दाबला गेला.

फट्!

भिंतीवरची तांब्याची भांडी थरथरली. जमादार श्ट्राक अर्धं पिस्तूल हातात घेऊन उभे होते आणि माझ्या नळीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती. माझी साक्ष झाली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका नेमका मी कधीच उडालो नव्हतो.

एवाल्ड खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. हेडविग त्याच्याकडे गेली नाही. ती टेबल धरून उभी राहिली.

जमादारांनी मला अलगद कापडावर ठेवलं. मग कप्तानांच्या पुढ्यातून आपलं लेखी मत ओढून घेतलं. मला वाटलं आता फाडणार. पण सरकारी कागद फाडतील तर ते श्ट्राक कसले! त्यांनी लेखणी बुडवली आणि सहीच्या खाली, तितक्याच सुंदर अक्षरात, लिहिलं: 'वरील मत चुकीचं आहे. श्ट्राक.' आणि त्यावर नवा शिक्का मारला.

"एवढंच?" कप्तानांनी विचारलं.

"यातलं खरं एवढंच आहे, साहेब."

मग हुगोने पहिल्यांदा तोंड उघडलं. केकचा मोठा तुकडा चांगल्या हाताने उचलत तो म्हणाला, "एवाल्ड, तुझा सूर जितका चुकतो तितका तुझा नेम चुकला असता तर मी वाचलो असतो रे!"

एवाल्ड रडता रडता हसायला लागला. मी शिपायांच्या डोळ्यांत पाणी पुष्कळदा बघितलंय, पण असं मिश्र कधी बघितलं नव्हतं.

एवाल्डला शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती. दारात कोठी न बघितल्याबद्दल तीन आठवडे बराकीबाहेर पाय टाकायचा नाही. पहारेकऱ्यालाही तेवढीच. त्यामुळे गायन मंडळाच्या कार्यक्रमाला एवाल्ड जाऊ शकला नाही. हुगो हात गळ्यात बांधून गायला. चांगला गायला म्हणतात.

पुढच्या आठवड्यात सफाईचा तास आला. तीस माणसं, तीस पिस्तुलं, नजर ज्याच्या त्याच्या हत्यारावर. जमादार श्ट्राक समोर उभे राहिले, शेजारी दारातली वाळूची पेटी आत आणून ठेवलेली. आम्ही सगळे 'एक'ची वाट बघत होतो. 'एक' आलाच नाही.

"आजपासून आठ आकडे," ते म्हणाले. "एकच्या आधी शून्य. मॅगझिन आता शून्यलाच काढायचं, एकला ते नुसतं टेबलावर ठेवायचं. शून्यला नळी वाळूच्या पेटीकडे, सांधा मागे ओढून धरायचा, आणि कोठीत डोळ्यांनी बघायचं, बोट घालूनही बघायचं. दारावरच्या माणसाने काय लिहिलंय ते विसरा. नियम काय म्हणतो ते विसरा. स्वतः बघायचं. आधी मी करून दाखवतो."

त्यांनी कमरेचं स्वतःचं पिस्तूल काढलं. माझंच भावंड, फार रुबाबदार. जमादार सात आकडे म्हणत आणि आम्ही पुसून निघत असू. त्यांचं पिस्तूल मात्र कमरेलाच चकाकत असायचं, ते तासाला कधी उघडलंच जात नव्हतं. त्यांनी मॅगझिन काढलं, पेटीकडे नळी केली आणि म्हणाले, "शून्य!" आणि सांधा मागे ओढला.

कोठीतून एक काडतूस बाहेर उसळलं, टेबलावर पडलं आणि गडगडत हुगोच्या पुढ्यात जाऊन थांबलं.

ते केव्हापासून तिथे होतं कोण जाणे. महिने झाले असतील, वर्षही झालं असेल. ते पिस्तूल कमरेला लावून जमादार रोज घरी जात, जेवत, नातवाला मांडीवर घेत.

हुगोने ते काडतूस उचलून त्यांच्यापुढे धरलं. जमादारांनी ते घेतलं आणि मुठीत आवळलं. मग त्यांनी मूठ खिशात घातली आणि म्हणाले, "आता तुम्ही. शून्य!" आणि तीस सांधे एकदम मागे गेले.

मित्रांनो, आता मी एका संग्रहालयात काचेआड असतो. माझी नळी शिशाने बुजवली आहे आणि मला त्याचं दुःख नाही. तुमच्यासारखी मुलं येतात, काचेला नाक लावतात, 'किती भारी!' म्हणतात. मी भारी आहेच. पण मला घडवणारे हुशार होते, मला सांभाळणारे हुशार होते, आणि तरीही एका माणसावर मरायची वेळ आली, कारण प्रत्येकाने गृहीत धरलं की बघायचं काम दुसऱ्याने केलंय. कुठे माळ्यावर, पेटीत, कुणाच्या कपाटात माझ्यासारखं काही सापडलं, तर हात लावू नका. ते जुनं दिसू दे, मोडकं दिसू दे, अर्धं दिसू दे. मोठ्या माणसाला हाक मारा. आणि मोठं माणूस आलं, आणि 'रिकामंच आहे रे' म्हणालं, तर त्याला विचारा, "तुम्ही स्वतः बघितलंत का?"